माई दोनदाच म्हणायच्या

गायिका मोगूबाई कुर्डीकर, म्हणजे माई, मुलीला शिकवायला बसल्या की चीज, म्हणजे रागात बांधलेली रचना, दोनदा म्हणायच्या. तिचा पहिला भाग, स्थायी, दोनदा; दुसरा, अंतरा, दोनदा. तिसऱ्यांदा नाही. तेवढ्यात मुलीने ती उचलायची. हा स्वर इथे असाच का, तो पुढे का सरकला नाही, असलं काही विचारायची सोय नव्हती. ती मुलगी म्हणजे किशोरीताई. किशोरी आमोणकरांनी मुलाखतींमधून ही आठवण कितीदा तरी सांगितली आहे, पण तक्रारीच्या सुरात नाही. एकाग्र होणं म्हणजे काय ते यातून कळलं, असं त्या म्हणायच्या.

नामवंत गवयाचं मूल गायला बसलं की आपल्याकडे पहिल्या दहा मिनिटांत निकाल लागतो. निकालही ठरलेले दोनच: 'हुबेहूब बाप!' नाहीतर 'बापाची सर नाही.' पहिल्या निकालावर मूल खूश होतं आणि आयुष्यभर तिथेच अडकतं. दुसऱ्यावर ते खचतं, किंवा गाणं सोडून दुसरीकडे नोकरी धरतं. माई आणि ताईंचं प्रकरण अभ्यासाला घ्यावंसं वाटतं ते एवढ्यासाठी, की इथे दोन्ही निकाल लागू पडत नाहीत. आईचं सगळं घेतलेली मुलगी आईसारखी गायली नाही, आणि तरी तिच्या गाण्यात आई कधी नाहीशी झाली नाही. हे जमलं कसं, आणि त्याची किंमत कोणी मोजली, एवढंच इथे पाहायचं आहे.

आईने मिळवलेलं

'घराण्याचा वारसा' म्हटलं की डोळ्यांपुढे वाडा येतो, पिढीजात, आयता मिळालेला. मोगूबाईंना आयतं काही नव्हतं.

त्यांचा जन्म १९०४ सालचा, गोव्यातल्या कुर्डी गावचा. हे गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की महिनाभर त्याचे चौथरे आणि देवळं वर येतात. जन्म कलावंतांच्या घरात, म्हणजे देवळाशी बांधलेल्या गाण्या-नाचण्याच्या परंपरेत. मुलीने मोठी गायिका व्हावं हा आई जयश्रीबाईंचा ध्यास होता, पण मोगूबाई दहा वर्षांच्या असतानाच त्या गेल्या. पुढे नाटक कंपन्या. आधी चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी, मग सातारकर स्त्री संगीत मंडळी. तिथल्या कामांबरोबर पदं आली, थोडं नाचही आलं. तिथून सांगली.

सांगलीतला प्रसंग जयपूर घराण्याच्या प्रत्येक शिष्याला पाठ असतो. ज्यांनी ही गायकी बांधली ते अल्लादिया खाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीत आले होते. जाता-येता एका घरातून मुलीचा रियाज कानावर यायचा. एक दिवस ते आत गेले आणि म्हणाले, मी शिकवतो. समोरचा माणूस कोण आहे हे मुलीला ठाऊकही नव्हतं. ही तालीम जेमतेम दीड वर्ष चालली. खाँसाहेब मुंबईला गेले आणि त्यांच्या मागोमाग मोगूबाईही.

मुंबईत मात्र दार उघडेना. खाँसाहेबांनी इतरांना शिकवू नये म्हणून त्यांच्यावर दडपण होतं. बिदागी देणाऱ्या घरांना उस्ताद केवळ आपला हवा असायचा. मग मोगूबाई आग्रा घराण्याच्या बशीर खाँ, विलायत हुसेन खाँ यांच्याकडे शिकल्या, पुढे खाँसाहेबांचे धाकटे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे. ते मुंबई सोडून गेल्यावर पुन्हा पोकळी. अखेर १९३४ मध्ये खुद्द अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना गंडा बांधला, म्हणजे रीतसर शिष्या करून घेतलं. सांगलीतल्या त्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर मधे दीड दशक गेलं होतं.

या दीड दशकाचा हिशेब आधी मांडला तो मुद्दाम. मुलीला 'दोनदाच' म्हणण्यामागे मला हा हिशेब दिसतो. एका चिजेसाठी जिने वर्षानुवर्षं दार धरलं, ती बाई तिसऱ्यांदा कशाला म्हणेल? हा माझा तर्क आहे, माईंनी असं कुठे म्हटल्याचं मी वाचलेलं नाही. पण कष्टाने मिळालेली वस्तू माणूस सढळ हाताने वाटत नाही, हे कोणत्याही स्वयंपाकघरात दिसतं.

मुलीपर्यंत ते आलं कसं

किशोरीताईंचा जन्म १९३२ चा, मुंबईतला. त्या सात वर्षांच्या असताना वडील वारले. तीन मुलं, एकटी आई आणि घर चालवायला गाणं. मोगूबाई मैफलींना जायच्या तेव्हा मोठी मुलगी मागे तानपुऱ्यावर असायची. ही झाली दुसरी शाळा.

घरची तालीम आणि मैफलीत मागे बसणं यांत फरक आहे. घरी आई चीज देते. मैफलीत मागे बसलं की आई त्या चिजेचं काय करते ते दिसतं: श्रोते थंड असले तर ती काय बदलते, तबलजीने लय चढवली तर कशी धरून ठेवते, घसा बसला असेल त्या दिवशी वरचा षड्ज, म्हणजे वरचा सा, कसा टाळते. हे कोणी शिकवत नाही, आणि बाहेरच्या शिष्याला एवढ्या मुबलक मिळतही नाही. कलावंताच्या मुलाला जो फायदा असतो म्हणतात तो रक्तात असतो की नाही, मला माहीत नाही. तानपुऱ्यामागच्या त्या जागेत मात्र तो नक्की असतो.

मोगूबाईंची खरी दूरदृष्टी मला दुसऱ्याच गोष्टीत दिसते. त्यांनी मुलीला फक्त स्वतःकडे ठेवलं नाही. आग्रा घराण्याचे अन्वर हुसेन खाँ, भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर, ग्वाल्हेरचे शरच्चंद्र आरोलकर, गोव्याचे मोहनराव पालेकर आणि बाळकृष्णबुवा पर्वतकर असे वेगवेगळ्या वळणांचे गुरू किशोरीताईंना मिळाले. अंजनीबाईंकडून मींड आली, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सुटा न पडता जाणं. जयपूरची गायकी लयीच्या पाठीवर बसून चालते. तिच्यात असा लोळता, ओढून नेलेला स्वर हा पाहुणा. हा पाहुणा आईनेच घरात आणला, आणि पुढे त्याने काय काय केलं ते सर्वांनी ऐकलं.

एकीकडे तिसऱ्यांदा म्हणायचं नाही इतका कडक नियम आणि दुसरीकडे मुलीला चार दारं उघडून देणं, ही जोडी विसंगत वाटते. मला वाटत नाही. आपल्याकडचं द्यायचं ते काटेकोर द्यायचं, आणि ते तेवढंच आहे असं मुलीला वाटू द्यायचं नाही. शिकवणाऱ्या आईबापांपैकी बहुतेकांचं याच्या बरोबर उलट होतं. आपलं देताना सैल, आणि दुसऱ्याकडे जाऊ देताना मात्र घट्ट.

आवाज गेला तेव्हा

पंचविशीच्या आसपास किशोरीताईंचा आवाज गेला. दोनेक वर्षं गाणं बंद. आयुर्वेदिक उपचारांनी तो परत आला, असं त्या सांगत. त्या काळात गळ्याने गाता येत नव्हतं म्हणून त्या मनात गायच्या.

जयपूर घराण्याची गंमत अशी की ते उभंच राहिलं एका गेलेल्या आवाजावर. अल्लादिया खाँसाहेब तरुणपणी राजस्थानातल्या एका संस्थानात रोज तासन्‌तास गायले आणि आवाज बसला. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता, जड होता. त्या जड गळ्याला साजेशी पेचदार, लयीत गुंतलेली गायकी त्यांनी बांधली आणि ती घेऊन ते कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी आले. त्या गायकीची शिस्त तीन पिढ्यांनी जपली.

त्यांच्या शिष्येच्या मुलीचं तेच झालं, पण निष्पत्ती उलट. खाँसाहेबांनी गेलेल्या आवाजातून लयीचं शास्त्र काढलं. किशोरीताई स्वराकडे वळल्या. दोन वर्षं मनात गाताना तबला नसतो, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, नसते, समेवर मान डोलावणारे श्रोते नसतात. स्वर तेवढा असतो. मनातला गंधार, म्हणजे 'ग', कितीही वेळ लांबवता येतो, कारण तिथे दम लागत नाही. पुढच्या आयुष्यातली त्यांची संथ, एकेका स्वराला बिलगून चालणारी बढत, म्हणजे रागाचा विस्तार, मी ऐकतो तेव्हा मला तो बंद गळ्याचा काळ आठवतो. कार्यकारण सिद्ध करता येणार नाही. पण या प्रकरणाला वळण कुठे लागलं असं कोणी विचारलं तर मी इथे बोट ठेवीन.

भूप

आता प्रत्यक्ष गाण्याकडे येऊ, कारण वारशाच्या गप्पा गाण्याशिवाय हवेत राहतात.

जयपूरची ओळख अनवट, म्हणजे क्वचित गायल्या जाणाऱ्या, रागांची. बसंती केदार, सावनी, खोकर, ललिता गौरी, संपूर्ण मालकंस. हा शेवटचा घ्या. साध्या मालकंसात रिषभ आणि पंचम (रे आणि प) वर्ज्य, पाचच स्वर; 'संपूर्ण'मध्ये ते दोन्ही येतात आणि तरी मालकंस मोडता कामा नये. हे तोल सांभाळण्याचं काम आहे, विहिरीच्या काठावरून चालण्यासारखं. आणि हे सगळं त्रितालाच्या सोळा मात्रांत. वेगळा सुटा आलाप नाही; आलाप बंदिशीच्या, म्हणजे चिजेच्या, आत, 'आ'काराने, ठेक्याच्या चालीवर. आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, भरायचं आणि मुखडा, म्हणजे चिजेची सुरुवातीची ओळ, घेऊन समेवर असं यायचं की ऐकणाऱ्याला वाटावं, यायला दुसरा रस्ताच नव्हता. वामनराव देशपांडे स्वतः मोगूबाईंकडे शिकले होते. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'घरंदाज गायकी'त त्यांनी घराण्यांना स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये मांडलं आहे. स्वराच्या टोकाला किराणा घराणं, लयीच्या टोकाला आग्रा आणि मधोमध, तोल साधून, जयपूर. मोगूबाईंचं गाणं ऐकलं की ही मांडणी कुठून आली ते कळतं. त्यांच्या गाण्यात काही सांडत नाही.

किशोरीताईंना ही सगळी पुंजी मिळाली आणि त्यांनी ती गायलीही. त्यांचा 'बरज रही' या बंदिशीचा संपूर्ण मालकंस ऐकून कोणी त्यांना घराणं येत नाही असं म्हणू धजणार नाही. पण त्या घरोघरी पोचल्या त्या भूपाने. भूप! सा रे ग प ध. संगीताच्या शाळेत पहिल्या वर्षी शिकवतात तो राग. ज्या घराण्याची मिरासच दुर्मीळ रागांची, त्या घराण्यातली मुलगी प्रसिद्ध झाली सगळ्यांना येणाऱ्या रागाने. मला हे या प्रकरणातलं सर्वांत बोलकं सत्य वाटतं.

आमच्या घरी त्या भूपाची कॅसेट होती. एका बाजूची फीत इतकी झिजली होती की मधे दोन ठिकाणी आवाज बुडाल्यासारखा यायचा. 'सहेला रे' त्यातच होतं. माझ्या आईला रागाचं नाव सोडून काही कळत नव्हतं, पण ती कॅसेट लागली की ती भाजी चिरायची थांबायची. मी पुढे शिकायला लागलो तेव्हा लक्षात आलं, ती थांबायची ती जागा गंधाराची. भूपात गंधार हा वादी, म्हणजे रागाचा प्राण. हेच पाच स्वर देसकारातही आहेत, पण तिथे वजन धैवतावर, म्हणजे 'ध'वर, असतं आणि राग वरच्या अंगाला पळतो. म्हणजे भूप आणि देसकार यांतला फरक स्वरांच्या यादीत नाही, कोणत्या स्वरावर किती वेळ आणि कसं थांबायचं यात आहे. किशोरीताई त्या गंधारावर थेट जाऊन बसत नाहीत. शेजारच्या स्वराचा कण घेऊन येतात, टेकतात, उठल्यासारखं करतात आणि पुन्हा तिथेच येतात. दर वेळी तोच स्वर, पण उजेड वेगळा.

हे जयपूर आहे का? त्या काळातल्या कट्टर मंडळींनी नाही म्हटलं. लय सैल केली, विलंबित फारच संथ केलं, सरगम घेतली, घराण्याचा 'आ'कार सोडला. आक्षेप खोटे नव्हते, हे कबूल करायला हवं. आईची मध्यविलंबित लय मुलीने खरोखरच ओढून लांब केली. आवर्तन भरण्याची ती विणकरी चिकाटी कित्येक ठिकाणी मागे पडली. किशोरीताईंचं उत्तरही ठाम असायचं: घराणं वगैरे काही नसतं, संगीत तेवढं असतं, राग हे एक वातावरण आहे आणि स्वरांनी त्यातला भाव उभा राहिला पाहिजे. पुढे 'स्वरार्थरमणी' या ग्रंथात त्यांनी आपला रागरसाचा सिद्धान्त सविस्तर मांडला.

मला या वादात दोन्हीकडचं थोडं थोडं पटतं. त्यांच्या काही उत्तरकालीन मैफलींत बढत इतकी लांबते की माझ्यासारखा भक्तही चुळबुळतो. पण 'घराणं नसतं' हे त्यांचं म्हणणं मी शब्दशः घेत नाही. घराणं ज्याच्या हाडात मुरलं आहे त्यालाच असं म्हणणं परवडतं. एखादी संथ बढत संपवून त्या तानेत शिरतात तेव्हा ती तान सरळ येत नाही. वळसे घेत, दोन-तीन स्वरांचे पेच टाकत येते आणि समेला जिथे जायचं तिथे अचूक जाते. ती तान माईंची आहे. दोनदाच म्हटलेली.

तानपुऱ्याला हात लावायचा नाही

आई-मुलीत उघड ठिणगी पडली ती सिनेमावरून. १९६४ च्या 'गीत गाया पत्थरों ने' या व्ही. शांतारामांच्या चित्रपटात किशोरीताईंनी शीर्षकगीत गायलं. माईंनी सांगितलं, सिनेमात गायचं असेल तर माझ्या दोन्ही तानपुऱ्यांना हात लावायचा नाही. भांडण नाही, व्याख्यान नाही, फक्त वाद्याला हात लावायची बंदी. गवयाच्या घरात याहून मोठी शिक्षा नसते. किशोरीताई शास्त्रीय संगीताकडेच राहिल्या. सिनेसंगीताने मोह घातला होता हे त्यांनी नाकारलं नाही; तिथे स्वरांना शब्दांची बेडी पडते, असं पुढे त्या म्हणत.

तरीही त्यांनी गायलेलं 'जाईन विचारित रानफुला' हे भावगीत आहे, 'अवघा रंग एक झाला' हा अभंग आहे, मीरेचं 'म्हारो प्रणाम' आहे. १९९० साली गोविंद निहलानींच्या 'दृष्टी' या चित्रपटाला त्यांनी संगीतही दिलं, तेव्हा माई हयात होत्या, शहाऐंशी वर्षांच्या. बंदी पाळली आणि पाळलीही नाही. मोठ्या घरांतल्या बहुतेक बंद्यांचं असंच होतं. काही वर्षं कडेकोट, मग दार किलकिलं.

बाई आणि ताई

आतापर्यंत गाण्याचा वारसा झाला. आणखी एक वारसा होता. त्याच्याबद्दल लोक 'किशोरीताईंचा स्वभाव' एवढंच म्हणून मोकळे होतात.

मागे तानपुरा धरून बसलेल्या मुलीने आईची कला पाहिली तसे आईचे हालही पाहिले. तिसऱ्या वर्गाचा प्रवास, मिळेल त्या घरी उतरायचं, तुटपुंजी बिदागी, आणि वर आयोजकाचा उपकार केल्यासारखा चेहरा. एवढी मोठी गायिका, पण कलावंतांच्या घरातली 'बाई', आणि त्या शब्दात समाजाने काय काय भरलेलं होतं ते त्या काळच्या माणसाला सांगावं लागत नव्हतं. आपण गायला लागू तेव्हा हे चालवून घ्यायचं नाही, असं किशोरीताईंनी तेव्हाच ठरवलं होतं.

मग पुढे जे झालं ते सर्वश्रुत आहे. तानपुरे मनासारखे लागेपर्यंत मैफल सुरू नाही, मग श्रोते तासभर ताटकळले तरी चालतील. पुढच्या रांगेत कोणी कुजबुजलं की गाणं थांबायचं. एका मैफलीत बड्या घरच्या एका बाईंनी गाणं चालू असताना पान मागवलं, तेव्हा मी कोठ्यावर गाणारी वाटले का, अशा अर्थाचं त्यांनी तिथल्या तिथे सुनावलं. हा किस्सा छापूनही आला आहे. लोकांना त्यात नखरा दिसला. मला त्यात कुर्डीपासूनचा सगळा रस्ता दिसतो. कोठ्याचाच शब्द का तोंडात यावा? आईच्या पिढीला तो ऐकावा लागला होता म्हणून.

अर्थात हे समर्थन एका मर्यादेपर्यंतच. आईचा अपमान ज्या आयोजकांनी केला ते केव्हाच गेले होते. राग निघायचा तो रजा टाकून, तिकीट काढून आलेल्या साध्या माणसांवर. ते रात्री शेवटच्या लोकलची वेळ बघत बसलेले असायचे. वारशात मिळालेला राग चुकीच्या पत्त्यावर जातो, हेही या प्रकरणात आहे.

पण फळ मिळालं हे खरं. आईला लोक मोगूबाई म्हणत, मुलीला किशोरीताई. बाईची ताई व्हायला एक पिढी लागली, आणि तो बदल आपोआप झालेला नाही. आईला १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं. मुलीला १९८७ मध्ये पद्मभूषण आणि २००२ मध्ये पद्मविभूषण. माई त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २००१ मध्ये गेल्या होत्या.

शेजारची दोन उदाहरणं

प्रकरण एकटंच पाहिलं की ते अटळ वाटू लागतं, म्हणून शेजारी डोकावू. अल्लादिया खाँसाहेबांचा स्वतःचा मुलगा मंजी खाँ. त्याला ग्वाल्हेरच्या रहिमत खाँची गायकी भावली, वडिलांना ते रुचलं नाही आणि काही काळ तो गाण्यापासून दूरच राहिला. पुढे तो परतला आणि थोर गायला, पण १९३७ मध्ये, वडिलांच्या आधी गेला. त्याला ग्वाल्हेरचं जे ओझरतं मिळालं ते बापाच्या नाराजीसकट. किशोरीताईंना भेंडीबाजारचं मिळालं ते आईने बोलावून आणलेल्या गुरूकडून. फरक इथे पडतो.

दुसऱ्या केसरबाई केरकर. त्याही गोव्याच्या, त्याही खाँसाहेबांच्या शिष्या, कीर्तीने तर जगाबाहेर गेल्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत अंतराळात पाठवलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे. पण त्यांची मुलगी गायला आली नाही, डॉक्टर झाली, आणि शिष्या म्हणून नाव घ्यावं तर धोंडूताई कुलकर्णींचं. केसरबाईंना कमी लेखायचं नाही. त्या काळी कलावंत घरातल्या आईने मुलीला डॉक्टर करणं हाही एक पराक्रमच होता. मानाने जगण्याचा तो दुसरा रस्ता. एकीने मुलीला या पेशातून बाहेर काढलं, दुसरीने पेशातच ठेवलं, आणि मग त्या मुलीने पेशाला मान द्यायला भाग पाडलं.

त्यानंतर

किशोरीताई ३ एप्रिल २०१७ रोजी मुंबईत गेल्या. पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला आठवडा उरला होता. त्यांच्या मुलांपैकी कोणी गायक म्हणून पुढे आलं नाही. नात तेजश्री गाते, आजीच्या मागे बसून शिकली. पण ताईंचं गाणं घराबाहेर जास्त पसरलं: रघुनंदन पणशीकर, नंदिनी बेडेकर, व्हायोलिनवर मिलिंद रायकर. माणिक भिडे कित्येक वर्षं त्यांच्या मागे साथीला गायल्या आणि त्यांनी ते आपल्या मुलीला, अश्विनी भिडे-देशपांडे यांना दिलं. पुन्हा आई आणि मुलगी. आणि पुन्हा मुलगी आईसारखी गात नाही, ताईंसारखी तर नाहीच.

ताई स्वतः शिकवायच्या ते मात्र माईंसारखं नाही. त्या समजावून सांगायच्या. रागाचं वातावरण, स्वराचा भाव, हा कण इथेच का. ज्या मुलीला 'का' विचारायला बंदी होती तिने शिष्यांना 'का'ची उत्तरं दिली.

हे सगळं लिहायला घेण्याआधी मी एक प्रयोग करून पाहिला. मोबाईलवर तोच भूप लावला. कॅसेट केव्हाच गेली, आता हवी ती जागा बोटाने मागे नेऊन शंभरदा ऐकता येते. स्वरांची एक छोटी फिरत घेतली, जेमतेम अर्ध्या आवर्तनाची. दोनदा ऐकली आणि मोबाईल बंद करून शेजारच्या खोलीत ठेवून आलो. तानपुरा लावून गायला बसलो. स्वर सापडले नाहीत, दोन तर सरळ चुकले. पण त्या कुठे श्वास घेतात ते आलं. इतकी वर्षं ऐकूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मोबाईल आणायला उठलो, आणि परत येऊन बसलो.